नंबर पाठवला, त्याने फोन केलाच नाही, आता काय?

एका मुलीने विचारलंय, थोडक्यात असं. पुण्यात पेठेत राहून एमपीएससी करणाऱ्यांचा टेलिग्राम ग्रुप आहे, ती अ‍ॅडमिन. निकाल लागल्यावर दोन दिवसांनी रात्री दीड वाजता एका मुलाने टाकलं, "सगळ्यांना थँक्यू. माझ्या नोट्स ज्याला हव्यात त्याने रूमवरून घेऊन जा. आता बस्स झालं." लोकांनी धडाधड हेल्पलाइनचे नंबर टाकले, पॉझिटिव्ह राहा भावा वगैरे लिहिलं. तो एवढंच म्हणाला, "नंबर नकोत, माझ्याकडे पण आहेत", आणि गप्प झाला. त्या रात्री रूममेट वेळेत आला म्हणून निभावलं. आता तो तिच्याशी बोलतोय, पण फोन करायला किंवा डॉक्टरकडे जायला तयार नाही. अशा माणसाला मदत घ्यायला तयार कसं करायचं, आणि परत अशी रात्र आली तर काय करायचं, हा तिचा प्रश्न.

मी सोळा वर्षं हे काम करतेय, आधी हेल्पलाइनवर रात्रपाळीला, आता समुपदेशक म्हणून, आणि गेली सात-आठ वर्षं अर्ध्याहून जास्त माणसं माझ्याकडे पहिल्यांदा मेसेजमधूनच येतात. म्हणून सविस्तर लिहिते. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःलाच आत्ता जीव नकोसा झाला असेल तर बाकीचं नंतर वाच, आधी १४४१६ लाव. टेली-मानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. लावायची हिंमत होत नसेल तर शेजारच्या खोलीतल्याला उठव आणि नुसतं "माझ्याजवळ बस" एवढं म्हण, कारण वगैरे काही सांगू नकोस.

आता तुझा प्रश्न. तो म्हणाला "माझ्याकडे पण आहेत". हे वाक्य सगळ्यांनी नकार म्हणून वाचलं. मला त्यात वेगळंच दिसतं. म्हणजे त्याने कधीतरी एकट्याने बसून तो नंबर शोधला होता ना? त्याच्या मनातल्या एका भागाला फोन करायचाच होता, दुसऱ्या भागाने हात धरून ठेवला. आपल्याला त्या पहिल्या भागाशी बोलायचंय.

मला हे एका मुलाने शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्याने मला मेसेज केला तेव्हा मी नवीन होते, त्या वेळी मी तेच केलं जे तुझ्या ग्रुपने केलं, तीन नंबर पाठवले, काळजी घे लिहिलं आणि झोपले. आठ महिन्यांनी तो समोर येऊन बसला तेव्हा त्याने मोबाइल दाखवला. मी दिलेला नंबर त्याने "गॅस एजन्सी" नावाने सेव्ह केला होता, आईने फोन बघितला तर कळू नये म्हणून. आणि सहा वेळा लावून रिंग जायच्या आधी कट केला होता. सहा वेळा. मला वाटत होतं त्याने नंबर वाचलाच नाही. तो आठ महिने दाराशी उभा होता आणि कडी कशी वाजवायची ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच नाही.

तेव्हापासून मी नुसता नंबर कधीच देत नाही. आधी विचारते की फोन करायचा म्हटलं की नेमकं काय नको वाटतं. पण त्याच्याही आधी एक प्रश्न असतो, तो विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि तो सरळ विचारायचा: "तुला जीव द्यायचे विचार येतायत का?" याच शब्दांत. "तू ठीक आहेस ना", "काही उलटसुलट तर नाही ना करणार" असं विचारलं की समोरच्याला कळतं तुला कुठलं उत्तर हवंय, तो "नाही नाही" म्हणतो आणि विषय मिटतो. लोकांना वाटतं सरळ विचारलं तर आपणच त्याच्या डोक्यात विचार घालू. तसं होत नाही, यावर भरपूर अभ्यास झालेत, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बरेच जण मोकळे होतात. कित्येकदा उत्तर नुसतं "हो" येतं आणि पुढची पाच मिनिटं काहीच येत नाही. ती पाच मिनिटं तू काही टाइप करू नकोस, फक्त लिही "आहे मी इथे".

हो आलं तर पुढे विचारायचं, आज रात्रीचाच विचार आहे का, कसं करायचं ते ठरवलंय का, त्यासाठीची वस्तू जवळ आहे का, आत्ता एकटा आहेस का, काही प्यायलायस का. हे प्रश्न तो आणि त्या वस्तूमधलं अंतर मोजायला. त्याबद्दल चर्चा करत बसायचं नाही. आणि आज, ठरवलंय, जवळ आहे, एकटा आहे असं सगळं आलं तर ती वेळ समजूत घालायची नाही. ११२ लाव, पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर. नाव, मोबाइल नंबर, रूमचा पत्ता किंवा निदान एरिया, त्याने काय लिहिलं, किती वाजता लिहिलं, एवढं सांग. पत्ता माहीत नसेल तर मेसवाले काका, अभ्यासिकेचा मालक, रूममेट, घरमालक, जो जवळ असेल त्याला पळव, पेठेत कुणी ना कुणी दोन गल्ल्यांवर असतोच. दुसरीकडे त्याच्याशी बोलणं चालू ठेव. त्याने आधीच काही करून घेतलं असेल तर १०८ ला रुग्णवाहिका, आणि "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच, काही गोष्टींचा परिणाम उशिरा दिसतो.

माणूस दुसऱ्या राज्यात असेल तर तुझा ११२ तुझ्याच राज्याला लागणार, त्यामुळे तिथल्या जिल्हा पोलिसांच्या कंट्रोल रूमचा नंबर शोधावा लागतो. फेसबुक, इन्स्टावर असेल तर पोस्ट रिपोर्ट करताना आत्महत्या किंवा स्वतःला इजा असा पर्याय असतो, तो निवडा, त्याचा उपयोग होतो. जानेवारी २०२१ मध्ये धुळ्यात एक तरुण फेसबुकवर लाइव्ह असताना फेसबुकच्या आयर्लंडमधल्या ऑफिसने मुंबईच्या सायबर पोलिसांना कळवलं, त्यांनी धुळे पोलिसांना, आणि पोलीस घरी पोचले, मुलगा वाचला. पण व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज कंपनीलाही दिसत नाहीत आणि टेलिग्राम ग्रुपवर रात्री दीडला बघणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं, तिथे सगळी भिस्त माणसांवरच.

इथपर्यंत आणीबाणी. तुमच्या ग्रुपमधला तो मुलगा आता त्यातून बाहेर आहे, बोलतोय, आणि नको म्हणतोय. हाच टप्पा सगळ्यात लांबतो आणि इथेच लोक कंटाळून सोडून देतात.

त्याला विचार, काय नको वाटतं? आणि उत्तर आलं की वाद घालू नकोस. मला सोळा वर्षांत जी उत्तरं मिळाली ती फिरून फिरून चार-पाचच आहेत, आणि ती भीती बहुतेक वेळा खरी असते, निदान ऐकीव माहितीवर तरी.

पहिली भीती, पोलीस केस होईल. आपल्याकडे हे डोक्यात पक्कं बसलंय कारण जुन्या कायद्यात ३०९ कलम होतंच, प्रयत्न करणं गुन्हा होता. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, शिवाय त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात ते जुनं ३०९ राहिलंच नाही. (सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला कुणी असं केलं तर वेगळं कलम आहे, त्याचा या मुलांशी संबंध नाही.) प्रयत्न केलेल्याला दवाखान्यात नेलं तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, होते, पोलीस येऊन जबाब घेतात, ते घाबरवणारं असतं हे मान्य, पण ती नोंद आहे, त्याला आरोपी करणं नव्हे. आणि नुसते विचार येतायत म्हणून फोन केला, ओपीडीत गेलं, तर यातलं काहीच होत नाही.

दुसरी, करिअर. एमपीएससीवाल्या मुलांची ही फार मोठी असते, "रेकॉर्डवर येईल मॅडम". हेल्पलाइनवर खरं नाव सांगायची पण गरज नसते. ओपीडीचा केसपेपर तुझ्या हातात असतो, तो आयोगाकडे जात नाही. वर म्हटलेल्या त्याच कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलाय, त्याला अपवाद मोजकेच, जसं जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने सांगितलं तर. हे मी मुलांना शांतपणे सांगते, आणि पुढे विचारते की गेले चार महिने किती अभ्यास झाला? बहुतेकांचं उत्तर असतं झालाच नाही, पुस्तक उघडून त्याच पानावर बसतो. म्हणजे जे करिअर जपायला तो डॉक्टर टाळतोय ते आजारानेच आधीच अडवून ठेवलंय. हे त्याचं त्याने बोललेलं बरं, आपण सुनावू नये.

तिसरी, पैसे. घरून महिन्याला सात-आठ हजार येतात, त्यात खोली, मेस, अभ्यासिका. प्रायव्हेट डॉक्टरची पहिलीच फी ऐकून मुलं गप्प होतात. त्याला सांग की सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार पूर्ण मोफत आहेत, केसपेपरचे पण पैसे घेत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांची ओपीडी असते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो, तिथे थोडी फी लागते पण फार नाही. आणि प्रादेशिक मनोरुग्णालयं आपल्याकडे चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. येरवडा म्हटलं की मुलं दचकतात, लहानपणापासून चिडवायला वापरलेला शब्द ना तो, तर सांगायचं की तिथे पण रोज माणसं बाहेरच्या ओपीडीत येतात, गोळ्या घेतात आणि बसने घरी जातात.

गोळ्यांची भीती पण यातच येते. सवय लागेल, झोपाळू होईन, शॉक देतील. पहिल्या भेटीत डॉक्टर बहुतेक प्रश्नच विचारतात, झोप किती, भूक कशी, वजन उतरलं का, किती दिवसांपासून, आधी कधी झालं होतं का, घरात कुणाला, दारू वगैरे. कधी थायरॉइडची तपासणी सांगतात. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, पण त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, आणि त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हे आधीच सांगून ठेव, नाहीतर पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद. सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढली किंवा ते विचार जास्त यायला लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरला कळवायचं, हेही सांग.

चौथी भीती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती कुणी पहिल्यांदा बोलत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फोन तिच्यामुळेच लागत नाहीत. मागच्या वर्षी एका मुलाशी चॅट चालू होतं, रात्रीचे पावणेबारा. मी विचारलं, "फोन लावायचा म्हटलं की काय होतं?"

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "काय बोलू तेच कळत नाही. आणि रडायला आलं तर"

"मग रड. त्यांना सवय आहे. पहिलं वाक्य मी लिहून देऊ का? तू नुसतं वाचून दाखव."

"द्या"

मी लिहिलं, "नमस्कार. मला चार दिवस झोप नाही आणि जीव द्यायचे विचार येतायत. मला नीट सांगता येणार नाही, तुम्ही प्रश्न विचारा मी उत्तर देतो."

"एवढंच?"

"एवढंच. आधी रेकॉर्ड केलेला आवाज येईल, भाषा विचारेल, तिथे कट करू नकोस, मराठी निवड आणि थांब. मी इथे जागीच आहे."

वीस-पंचवीस मिनिटांनी मेसेज आला, "लावला. एक ताई होत्या. मी वाचूनच दाखवलं." आणि खाली, "रडलो पण".

त्या रेकॉर्डेड आवाजाचं मुद्दाम सांगते, कारण बरीच माणसं तिथेच तुटतात. आपण सगळं बळ गोळा करून फोन लावतो आणि पलीकडून मशीन बोलतं, वाटतं इथेही कुणी नाही. आधी माहीत असलं की माणूस तेवढा वेळ तग धरतो. म्हणून तू स्वतः एकदा १४४१६ लावून बघ. खोटी अडचण सांगायला नको, सरळ सांग की माझ्या मित्रासाठी माहिती हवी आहे, त्याला तयार कसं करू ते विचारायचंय, असेही फोन त्यांना येतात आणि ते नीट बोलतात. मग तू त्याला स्वतःच्या अनुभवाने सांगू शकशील की मी लावला होता, असं असं झालं. ही टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बेंगळुरूची निम्हान्स, मानसिक आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था, तिची मुख्य संस्था आहे, पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज पडली तर पुढे डॉक्टरकडे जोडून देतात.

तरीही नको म्हणाला तर? मग पायरी अजून लहान कर. फोन नको तर कॉन्फरन्स कॉल, तू लाव, त्याने नुसतं ऐकायचं. ते नको तर तू त्याच्याबरोबर ओपीडीपर्यंत चल, आत तो एकटा जाईल. ते पण नको तर निदान घरातल्या एका माणसाला सांगू दे, आईवडील नको तर मावसभाऊ, मामा, गावातला मित्र, ज्याचं नाव घेतल्यावर त्याच्या मेसेजमध्ये जरा ऊब येते तो. कुठल्या का दारातून होईना, आत आला पाहिजे.

आता काय बोलू नये. "आईवडिलांचा विचार कर." सगळे हेच लिहितात, प्रेमानेच लिहितात. पण त्या अवस्थेतला माणूस आईवडिलांचाच विचार करत असतो. शेत गहाण टाकून शिकवलं, तिसरा अटेम्प्ट गेला, आपण ओझं आहोत, आपण नसलो तर त्यांची सुटका होईल, असं त्याचं गणित झालेलं असतं आणि तुमचं वाक्य त्याला अजून एक पुरावा वाटतो. तसंच भ्याड, पळपुटा, एवढ्याशा कारणावरून, बाकीच्यांना बघ किती दुःख आहे. एवढ्याशा कारणावरून कुणी या टोकाला येत नाही, आपल्याला दिसतो तो शेवटचा खडा असतो. यापेक्षा "फार दिवस एकट्याने ओढलंस" एवढं एक वाक्य लिही. मी पाहिलंय, या वाक्यानंतर माणसं लिहायला लागतात.

आणि एक, यावर मी कधीच सैल होत नाही. "कुणाला सांगणार नाही असं प्रॉमिस कर, मगच बोलतो" असं तो म्हणेल. प्रॉमिस करायचं नाही. त्या क्षणी हो म्हणणं सोपं असतं, पण मग दोन दिवसांनी तू अशा गुपिताची एकटी मालकीण होतेस जे तुला झेपणार नाही, आणि त्याचा जीव वाचवायचा तर शब्द मोडावा लागतो. त्याऐवजी सांग, "तुझं बोलणं मी ग्रुपवर नेणार नाही, स्क्रीनशॉट काढणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी कुणाला तरी सांगणार, आणि शक्य असेल तर आधी तुला सांगून मगच." माझ्याशी या कारणाने बोलणं तोडलेले दोघंतिघं आहेत. ते जिवंत आहेत. राग आलेला मला चालतो.

डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत मधले दिवस असतात, त्यासाठी फोनच्या नोट्समध्ये त्याच्याकडूनच एक यादी लिहून घे, त्याच्याच शब्दांत. विचार यायला लागले की आधी काय जाणवतं (एकाने लिहिलं होतं, मेसमध्ये जेवण तोंडात फिरायला लागतं), तेव्हा दहा मिनिटं मन दुसरीकडे जाईल असं काय करता येतं, कुणाच्या रूमवर जाता येतं, कुणाला फोन लावता येतो, मग १४४१६. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या गोष्टीचा विचार मनात येतो ती गोष्ट खोलीत नको. रूममेटकडे दे, मालकांकडे दे. गावी जाणार असेल तर वडिलांना सांगून फवारणीची औषधं घरातून हलवायला लावायची, कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे. लोक म्हणतात ज्याला करायचंय तो करतोच. नाही हो. श्रीलंकेत १९९५ पासून सगळ्यात विषारी शेतीऔषधांवर एकेक करून बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ ७० टक्क्यांनी खाली आलं. तिथल्या लोकांची दुःखं काही संपली नव्हती. ती तीव्र लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, काही तासांची असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस त्या लाटेतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, त्यातले २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. हा आकडा वाचला की मला कायम ती न लागलेली सहा रिंग आठवते.

ग्रुपचं थोडं. अ‍ॅडमिन म्हणून घाबरून त्याला रिमूव्ह करू नकोस, बऱ्याच ठिकाणी हेच करतात, नंतर भानगड नको म्हणून. त्याने शेवटचा हात तुमच्याकडे केलेला असतो. मेसेज वाटल्यास डिलीट कर पण त्याला ठेव. तीनशे जणांनी एकदम लिहायचं नाही, दोघांनी पर्सनलवर जायचं, एकाने त्याच्याशी बोलायचं आणि दुसऱ्याने पत्ता, रूममेट, फोन बघायचं, बाकीच्यांनी शांत राहायचं. "अटेंशनसाठी करतोय" म्हणणारा एक असतोच, त्याला वेगळं सांग की अटेंशन मागत असेल तर देऊ या ना, त्यात काय जातं आपलं. स्क्रीनशॉट बाहेर जाता कामा नये. आणि नोट्स वाटणं, ग्रुप सोडणं, उधारी फेडून टाकणं, खूप दिवस उदास असलेला अचानक शांत-प्रसन्न दिसणं, हे दिसलं की विचारायचं. परीक्षा सोडली म्हणून नोट्स वाटणारे पण असतात, चुकीचं विचारलं गेलं तर तो हसेल, एवढंच होईल.

परदेशात शिकणारी आपली मुलं पण असे मेसेज टाकतात, तिकडे १४४१६ चा उपयोग नाही. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४.

नंतरच्या दिवसांबद्दल एक गोष्ट सांगते, मला ती फार जवळची आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९७० च्या आसपास त्यांनी अशा माणसांचा अभ्यास केला जी संकटात दवाखान्यात भरती होऊन गेली पण पुढचे उपचार नको म्हणाली, म्हणजे थेट तुझ्या या मुलासारखी. त्यातल्या निम्म्यांना ते अधूनमधून छोटं पत्र पाठवायचे, पाच वर्षं. पत्रात उपचाराला या असा आग्रह नाही, प्रश्न नाहीत, फक्त तुमची आठवण आहे, कळवावंसं वाटलं तर आनंद होईल, इतकंच. पत्रं गेलेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. म्हणून त्याने डॉक्टरला नको म्हटलं तरी तू मेसेज थांबवू नकोस. रोज डॉक्टरचा विषय नको. "आज मेसमध्ये पुरणपोळी होती, तू आलास का?" असला मेसेज पण चालतो. त्याने उत्तर दिलं नाही तरी "का नाही बोललास" नाही विचारायचं, दोन दिवसांनी परत एक.

आणि तू एकटी हे धरू नकोस. रूममेटला घे, अजून एक समंजस मुलगा घे, तिघांत वाटून घ्या कोण कुठल्या वारी. तुझी झोप उडाली असेल, दर मेसेजच्या आवाजाला छातीत धस्स होत असेल तर तू पण १४४१६ ला स्वतःसाठी बोल.

आजचं काम सांगते. संध्याकाळी त्याला हे लिही, नको तो शब्द बदल: "तू म्हणालास नंबर तुझ्याकडे पण आहेत. कधी लावून बघितलास का? लावताना काय वाटलं?" आणि उत्तराची वाट बघ, कितीही वेळ लागू दे. ओपीडीला जायचं ठरलं तर सोमवार टाळा, गर्दी असते. सकाळी लवकर जा, आधार कार्ड घ्या, आधीच्या काही गोळ्या असतील त्यांची पाकिटं घ्या, पाण्याची बाटली घ्या, रांगेत दोन तास जाऊ शकतात हे त्याला आधी सांग. आणि बाहेरच्या बाकावर तू थांब. दार उघडून तो बाहेर येईल तेव्हा तिथे कुणीतरी बसलेलं असू दे.